न झाडलेलं सरमाड

दस्तगीरभाई गेल्याचं मला एसटी स्टँडवर कळलं. येडशीचा एक ओळखीचा माणूस गाडीतून उतरला आणि पान लावून घेता घेता म्हणाला, तुमचे दस्तगीरभाई गेले की, काल दुपारी माती झाली. मी त्याच्यावर उगीचच डाफरलो, एक माणूस पाठवता आला नाही का म्हणून. त्या बिचाऱ्याचा काय दोष... पण राग कुठंतरी काढायचा होता. आज दीड महिना झाला. राग अजून आहे, फक्त तो आता माझ्यावर आहे, आणि त्याला कारण आहे.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. हैदराबादचे एक निवृत्त साहेब, जन्मभर शिकार करून उतारवयात उपरती झालेले, दर पावसाळ्यात येडशीच्या पुढं माळावर सहा-सात तंबू ठोकायचे आणि पाहुण्यांना जनावरं-पाखरं नुसती दाखवायचे. गावाला याचं भारी हसू यायचं. मोर बघायला कुणी आगगाडीचं तिकीट काढतं का, असं म्हणायचे लोक. मी त्या तळावर मुन्शी होतो. छोट्या रेल्वेनं आलेले पाहुणे उतरवून घ्यायचे, त्यांचं सामानसुमान, चहापाणी बघायचं, गाडीत त्यांच्यासोबत बसायचं. दाखवण्याचं काम मात्र दस्तगीरभाईंचं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पूर्वी साहेबांच्याच शिकारीत माग काढणारे. रामलिंगाच्या दरीत ते तरसाची गुहा दाखवत, माळावर काळविटांचा कळप दाखवत, पण लोक लांबून यायचे ते माळढोकासाठी. पायी माणूस दिसला की हा पक्षी निघालाच, पण शेतकऱ्याच्या बैलगाडीला तो भीत नाही. म्हणून गाडीत ज्वारीचं सरमाड, म्हणजे वाळलेला कडबा, अंथरून त्यावर पाहुण्यांना बसवायचं, आणि गाडी सरळ न नेता लांबून वळसे घेत घेत जवळ आणायची. दस्तगीरभाई बैलांच्या आडोशानं, त्यांच्याशी बोलत चालायचे, पाखराकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. एकदा नर गळ्याची पिशवी फुगवून घुमायला लागला, तेव्हा गाडीतल्या एक बेगमसाहेबा चक्क रडल्या. दस्तगीरभाई लाजून बैलाची वेसण चाचपत बसले. तसा खूश झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. ती सकाळ एकदा परत मिळावी असं फार वाटतं...

त्यांची साहेबांना एकच अट होती, गाडीत बंदूक नको. पाखरानं गाडीवर विश्वास टाकलाय, तो आपण मोडायचा नाही, असं ते म्हणायचे. म्हणून रोज निघण्याआधी सगळं सरमाड स्वतःच्या हातानं झाडून बघायचे.

त्या दिवशी एका बैलाच्या खुरात खडा रुतला होता. तो काढायला ते खाली बसले आणि सरमाड झाडायचं काम मला सांगितलं. पाहुणा कचेरीतला बडा अंमलदार होता. त्याच्या नोकरानं माझ्यादेखत कापडात गुंडाळलेली बंदूक सरमाडाखाली सरकवली. आदल्याच दिवशी कचेरीत कारकुनाची एक जागा आहे, असं अंमलदार माझ्या कानावर घालून गेला होता. मी दुसरीकडं पाहिलं.

“मुन्शी, सरमाड झाडलंस न्हवं?”

“झाडलं,” मी म्हणालो.

नर घुमत होता. अंमलदाराची गोळी लागली आणि तो जागीच पडला. दस्तगीरभाई कितीतरी वेळ बैलाचं शिंग धरून उभे होते. मग म्हणाले, “चूक माजी हाय. मी सोता बघाया पायजे व्हतं.” आणि मी, त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा, मूग गिळून राहिलो. त्यानंतर त्यांनी ते काम सोडलं. पुढच्या वर्षी तंबूही लागले नाहीत. कारकुनाची जागा मात्र मला मिळाली, आणि तिथून मी सुखानं निवृत्तही झालो.

नंतर चाळीस वर्षं मी येडशीला जात राहिलो. दरवेळी आज सांगायचंच, असं ठरवून जायचो. पाऊसपाणी, मुलींची लग्नं, गुडघे, सगळं बोलून व्हायचं. मी उठायला लागलो की ते शेजारची सतरंजी थोपटायचे. “बस की. आनि काय?” काही नाही म्हणत मी चपला घालायचो.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलीला, रशीदाला, सगळं सांगून टाकलं. ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, “काका, अब्बांना ठावं व्हतं. सरमाड दबल्यालं व्हतं, झाडल्यालं न्हवतं. गोळी सुटल्यावर तेंनी लगीच वळखलं.”

मग कधी बोलले का नाहीत, मी विचारलं.

“मी बी इचारलं व्हतं. तर म्हनले, आपुन इषय काढला तर त्यो यायचा बंद हुईल. सांगंल त्यो. बसू दे.”

सतरंजी अजून तिथंच अंथरलेली असते. मी बराच वेळ तिच्यावर बसलो. ते समोर हवे होते, मला शिव्या द्यायला का होईना... उठलो तरी दाराशी जरा रेंगाळलो. बस की, असं कुणी म्हणालं नाही. मग चपला घातल्या.