खालच्या मजल्यावरची खोली

माझा धंदाच खोट काढायचा. विमा कंपन्यांसाठी मी अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करतो. बंपर परवा फुटलाय की दोन वर्षांपूर्वी, रंगाखाली पुट्टी किती भरलीय, दार लावताना आवाज कसा येतो, हे मला कुणी सांगावं लागत नाही. सांगलीतले गॅरेजवाले मला बघितलं की एकमेकांना डोळ्यांनी खुणावतात. मला त्याचा राग येत नाही. खरं सांगायचं तर अभिमानच वाटायचा.

हॉटेल घ्यायचं ठरलं की ही खोड जास्तच उफाळून येते. जालावरचे फोटो मोठे करून मी उशीच्या अभ्र्यापासून पडद्याच्या कड्यांपर्यंत सगळं तपासतो. लोकांचे अभिप्राय वाचताना चांगले सोडून आधी वाईट वाचतो. मग फोन. गरम पाणी सोलरचं की गिझरचं? नऊनंतर येतं का? लाइट गेल्यावर लिफ्ट चालते का? नाश्त्याला चहा मागेल तेवढा की एकच कप? खिडकी उघडते का नुसती शोभेची? बायको म्हणते, "तुम्ही दोन दिवस राहायला चाललाय का ती इमारत विकत घ्यायला?"

गेल्या हिवाळ्यात मी आईला साताऱ्याला न्यायचं ठरवलं. आई तासगावजवळच्या आमच्या गावात एकटी राहते. वय पंचाहत्तरीला टेकलंय, पण पाठ ताठ आणि तोंड चालू. वडील फौजेत होते. सुट्टीवर आले की तिला म्हणायचे, एकदा तुला सातारा निवांत दाखवतो. ते दाखवणं राहून गेलं आणि वडीलही गेले. साताऱ्याच्या एस्टी स्टँडवर तिनं तीन-चार वेळा गाडी बदलली असेल, तेवढाच तिचा सातारा. तेव्हा म्हटलं, दोन दिवस आरामात नेऊ. देवदेव नाही, लग्न नाही, दवाखाना नाही. नुसतं बसायचं, फिरायचं, खायचं. बायकोच्या शाळेत परीक्षा होत्या, त्यामुळं आम्ही दोघंच जाणार होतो.

यात माझा थोडा स्वार्थही होता. सांगलीत माझा चांगला तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. नऊ वर्षं झाली, पण आई तिथं एकही रात्र राहिलेली नाही. सकाळच्या गाडीनं येते, भाकरी थापून घालते, सुनेशी गप्पा मारते आणि चार वाजले की तिची चुळबुळ सुरू होते. "जनावरं हायत रं घरी. म्हशीची धार कोण काढंल?" मग मी तिला स्टँडवर सोडतो. पाव्हण्यारावळ्यांत मी सांगत असे, आईला शहर मानवत नाही. पण पोरानं आईला ठेवून घेतलं नाही असं कुणी म्हणेल ही बोचणी मनात होतीच. साताऱ्यात तिला दोन दिवस थाटात ठेवलं की ती बोचणीही निघाली असती.

मी सहा हॉटेलं नाकारली आणि सातव्याला फोन केला. तिकडचा माणूस सोशिक होता. त्यानं माझ्या सगळ्या प्रश्नांची न चिडता उत्तरं दिली आणि शेवटी स्वतः एक प्रश्न विचारला. "सर, आई गावाकडच्या आहेत का? नाही, आमच्याकडं खालच्या मजल्यावर एक जुनी खोली आहे. संडास इंडियन आहे. बऱ्याच आज्यांना तीच बरी पडते. ती देऊ का?"

मला ते लागलं. गावाकडच्या म्हणजे काय? माझ्या बोलण्यावरून यानं काय ओळखलं? मी आवाज चढवला. "वेस्टर्नच पाहिजे. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला तुम्ही खाली बसायला लावणार? वरची खोली द्या, किल्ल्याकडच्या खिडकीची." तो "बरं सर" म्हणाला. जी बाई आजही दिवस दिवस उकिडवी बसून शेंगा तोडते, तिच्या गुडघ्यांची मला एकाएकी काळजी वाटली होती.

सकाळी गावातून निघालो. वाटेवरच होतं म्हणून औंधला यमाईचं दर्शन तेवढं घेतलं. आई खूश होती. गाडीत तिनं शेंगा सोलून मला भरवल्या, समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला नावं ठेवली. दुपारी साताऱ्यात पोचलो. खोली फोटोत होती तशीच निघाली, आणि गाडी नवीकोरी निघाल्यावर व्हावा तसा मला आनंद झाला. मी आईला सगळं दाखवत सुटलो. हा एसी. ही चहाची किटली. पडदा सार, समोर अजिंक्यतारा. मग बाथरूम. त्याला धुरकट काचेचं दार होतं, मला ते फार उंची वाटलं होतं. मी आत शिरून गरम पाण्याचा नळ फिरवून दाखवला, कमोडचं झाकण उघडून बटण दाबून दाखवलं. विक्रेता दाखवतो तसं.

आई दारातच उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. काचेवर बोट फिरवून तिनं विचारलं, "ह्यातनं दिसत न्हाई व्हय?"

"नाही गं. सावली दिसते नुसती."

"आन् दुसरं न्हाई का कुठं?"

"दुसरं काय?"

"काय न्हाई." ती पलंगाच्या कडेवर जाऊन बसली.

चहा केला तर नको म्हणाली. पाण्याचा ग्लास दिला तर ओठ ओले करून ठेवला. संध्याकाळी म्हणाली, "मी जरा खाली जाऊन येती. हितं कुठं देऊळ असंल." एकटी कुठं जाशील म्हणून मी चप्पल घातली. ती नको नको म्हणत राहिली, पण मी ऐकलं नाही. आम्ही बाजारातल्या राजपथावरून चाललो. मी तिला दुकानं दाखवत होतो, कंदी पेढे घेतले, आणि ती प्रत्येक बोळात, प्रत्येक इमारतीच्या मागच्या अंगाला मान वळवून बघत होती. मला वाटलं, आई सातारा बघतेय. एकदा ती म्हणाली, "तू हो पुढं, मी आलेच." मी हसून तिचा दंड धरला आणि म्हटलं, "हरवशील."

जेवायला बसलो तेव्हा माझं डोकं फिरलं. मी चार भाज्या मागवल्या होत्या आणि ती चपातीचा चतकोर घेऊन बसली होती. पाणी नको, ताक नको, भात नको. पहिल्यांदा समजावलं. मग दटावलं. मग माझा तोल गेला आणि वाढपी उभा असताना मी बोललो, "तुझ्यासाठी आठ दिवस फोन करून करून ही खोली मिळवली. आणि तू तोंड पाडून बसलीस. कुठं नेण्याच्या लायकीची नाहीस तू." हे शेवटचं वाक्य मी माझ्या आईला म्हणालो. लिहितानाही हात थांबतो, पण म्हणालो हे खरं आहे.

शेजारच्या टेबलावरच्यांनी बघितलं. आईनं मान खाली घातली आणि माझ्याकडं न बघता भाताचे चार घास खाल्ले. मला वाटलं, जरा आवाज चढवला की ऐकते. ते चार घास तिला केवढ्याला पडले असतील ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी जाग आली तर सहा वाजत होते. आईचा पलंग रिकामा. चादर घडी घालून ठेवलेली. बाथरूममध्ये अंधार. मी तसाच अनवाणी लिफ्टनं खाली गेलो. दारावरचा माणूस म्हणाला, "आजी का? त्या मागल्या अंगाला गेल्यात."

स्वयंपाकघराच्या मागं सिलिंडर आणि भाज्यांचे क्रेट ठेवलेले होते. त्यापलीकडं पत्र्याचं दार असलेला एक संडास होता, हॉटेलात काम करणाऱ्यांसाठी. दारासमोर झाडू मारणारी एक बाई बादली घेऊन राखणीला उभी होती. माझ्या बहिणीच्या वयाची असेल. मला बघून तिनं हात आडवा केला.

"थांबा दादा, हितंच थांबा. कडी न्हाई आतनं. बाईमाणूस हाय."

"माझी आई..."

"व्हय. तुमचीच आई हाय." तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मी गाडी बघतो तसं. मग आवाज खाली करून म्हणाली, "पाचाला मी झाडायला आले तवा जिन्यात बसल्या हुत्या. पोटावर हात धरून. इचारलं, आजी काय पायजे? आधी काय न्हाई म्हणल्या. मग म्हणल्या, मला त्या खुर्चीवर जमत न्हाई बाई, आन् काचंच्या पल्याड पोरगा झोपलाय. कालच्या सकाळपासनं तशाच हायत त्या. पाणीबी पिल्या न्हाईत त्यापायी."

ती पुढं म्हणाली, "मी म्हणलं, मग पोराला सांगायचं की. तर म्हणल्या, नगं. त्यानं लय हौसेनं घेतलीया खोली. त्याला वाईट वाटंल."

मला लाज वाटली. जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात तसलं काही नाही. कान तापले. सहावीत चोरून पेरू खाताना सापडलो होतो, तेव्हा असे तापले होते. माझ्या फोनवर त्या हॉटेलच्या बाथरूमचे अकरा फोटो होते. मी नळाची कंपनी सांगू शकलो असतो.

दार ढकलून आई बाहेर आली. मला बघताच तिनं पदर सावरला आणि तिचा चेहरा असा झाला की जणू चूक तिनंच केलीय. "तू कशाला आलास रं हितं?" ती म्हणाली. त्या बाईनं नळाखाली तांब्या भरून तिच्यापुढं धरला. आईनं उभ्या उभ्या, तोंड वर करून सगळा तांब्या घटाघटा संपवला आणि दुसरा मागितला. त्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात माझा असायला हवा होता, पण मी दोन पावलांवर क्रेटला धरून उभा राहिलो.

मी काउंटरवर गेलो. फोनवरचा तोच माणूस होता, आवाजावरून ओळखलं. म्हटलं, "ती खालची खोली... मोकळी आहे का?" त्यानं वर बघितलं. त्याला सगळं आठवत होतं हे मला दिसलं. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं तो म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं नुसती किल्ली काढून दिली आणि सामान हलवायला माणूस पाठवला.

खालच्या खोलीला खिडकीतून किल्ला दिसत नव्हता, भिंत दिसत होती. आई तिथं आंघोळ करून आली, तीन इडल्या खाल्ल्या, तीन कप चहा प्यायली आणि म्हणाली, "लय ब्येस हाय की रं ही खोली." मग तिनं खरोखर सातारा बघितला. चालताना थांबून थांबून, दुकानदारांशी भांडून, हसून. तिसऱ्या दिवशी निघताना पेढ्यांचा एक पुडा तिनं त्या झाडणाऱ्या बाईच्या ओटीत घातला. मी तिचे आभार मानायला गेलो तर ती म्हणाली, "माझं काय न्हाई दादा. जरा इचारत जा म्हातारीला."

आम्ही परत निघालो. रहिमतपूर गेल्यावर मी म्हटलं, "आई, परवा तुला तसं बोललो..."

"जाऊ दे रं. भुकेनं माणूस बोलतं कायबी." भुकेली ती होती, पण ती माझ्या भुकेबद्दल बोलत होती.

विट्याच्या अलीकडं मला एकदम बिल्डरचं ऑफिस आठवलं. फ्लॅट घेताना तिथल्या पोरीनं नकाशा पुढं ठेवून विचारलं होतं, साहेब, दोन्ही संडासांपैकी एक इंडियन ठेवू का, आईवडील येतात बऱ्याच जणांचे. मी म्हटलं होतं, दोन्ही वेस्टर्न करा, ते इंडियन फार गावठी दिसतं. नऊ वर्षं मी सकाळ-संध्याकाळ त्या घरात वावरत होतो. आईला चार वाजले की चुळबुळ का सुटते, हे मला कधी दिसलं नव्हतं.

तरी मी विचारलं. मला वाटत होतं, माझा अंदाज चुकावा. "आई, आज सांगलीला चल. राहा की दोन दिवस. तिथं का राहत नाहीस तू?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. तिकडंच बघत म्हणाली, "कसं राहू? जनावरं हायत रं घरी. म्हशीची धार..."

आणि थांबली. तिच्याही ध्यानात आलं असावं. मी गाडी तशीच चालवत राहिलो.

म्हैस विकून तीन वर्षं झाली होती. गोठ्यात आता चुलतभावाची बेदाण्याची रिकामी खोकी पडलेली असतात, आणि गावी गेलो की माझी गाडी मी त्याच गोठ्याला लावतो. म्हैस न्यायला टेंपो मीच ठरवून दिला होता. त्यानंतरही प्रत्येक वेळी चार वाजता आई म्हशीचं नाव काढायची, आणि मी गाडीची किल्ली घेऊन तिला स्टँडवर सोडून यायचो.