पाणी कितव्या दिवसाला?

खोली दाखवायला नेलं की मामू उंबऱ्याच्या बाहेरच थांबायचे. चपला काढायच्या नाहीत, आत डोकवायचं नाही, भाड्याचा विषय नाही. घरमालक "या, या" करत असायचा आणि मामू हेल्मेट कोपरात अडकवून तिथूनच विचारायचे, "पाणी कितव्या दिवसाला?"

उत्तर पटलं तरच आत. मग सरळ मोरीत. नळ अर्धा फेरा फिरवायचा, धार पडली न पडली तोच पिळून बंद करायचा आणि रुमालाला हात पुसत मागं सरकायचं. दुसऱ्याच्या घरातल्या दागिन्याला चुकून हात लागावा तसं.

तुम्ही आमच्या शहरात राहिला असाल तर तुम्हाला यात नवल वाटणार नाही. इथं नळाला रोज पाणी येतं असं सांगणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर निवडणुकीला उभा.

मामू खोल्या मिळवून द्यायचे. विद्यापीठाच्या गेटजवळ चहाची टपरी होती, तिथलं बाकडं म्हणजे त्यांचं ऑफिस. एजंट म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "एजंट दुकान लावून बसतो. मी माणसं बसवतो," म्हणायचे. दलाली मात्र चोख घ्यायचे आणि ती घेताना कधी लाजायचे नाहीत.

त्यांची खरी ख्याती परदेशी पोरांसाठी. येमेनची, सुदानची, इराकची पोरं इथं शिकायला येतात, हे तुम्ही पाहिलं असेल. हॉस्टेलात जागा नसली की ती वस्तीत खोली शोधत फिरतात आणि दारं बंद होतात. परदेशी माणूस ठेवला की पोलिसांत त्याची माहिती द्यावी लागते, आणि ठाण्याचं नाव निघालं की भले भले घरमालक मागं सरतात. मामू त्या मालकांना स्कूटरवर मागं बसवून ठाण्यात न्यायचे. "चहा पिऊ, सही करू, परत येऊ. बारशाला चाललो समजा."

मामूंना अरबी वाचता यायची, पण बोलायची म्हटलं तर सलामाच्या पुढं गाडी जायची नाही. तिथून पुढं हात. एका उंच सुदानी पोराला त्यांनी पाण्याचं वेळापत्रक समजावलं, ते मी स्वतः पाहिलंय. आधी नळ फिरवल्याची खूण, मग दोन्ही तळहात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण, पुन्हा झोप, पुन्हा झोप, लई झोपा झाल्या, आणि मग पुन्हा नळ. पोरगा गंभीर होऊन ऐकत होता. शेवटी इंग्रजीत मला म्हणाला, "हे मला इतकं झोपायला का सांगतायत?"

मी सांगितल्यावर तो हसला नाही. घाबरला. मामू म्हणाले, "नाईल नदीच्या काठचं लेकरू आहे ते. त्याला मी ड्रम भरायला शिकवतोय. अल्ला मला माफ करो."

ड्रम ही मामूंची अट होती. झाकणाचा निळा ड्रम घेतल्याशिवाय चावी हातात नाही, मग तुम्ही कुठल्याही देशाचे असा.

माझी त्यांची गाठ पडली ती मी लासूर स्टेशनकडच्या आमच्या गावातून इथं इंजिनिअरिंगला आले तेव्हा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. पप्पा वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर, आई दुसऱ्यांच्या रानात. पप्पा शिफ्ट करून यायचे आणि तसेच माझ्याबरोबर खोल्या बघत हिंडायचे. आम्हाला खोल्या दिसायच्या, आवडायच्या, आणि मग मालक विचारायचा, "आडनाव काय म्हणालात?" पप्पा सांगायचे. मालक म्हणायचा, "बघून कळवतो."

कळवलं कुणीच नाही.

टपरीवर पप्पांनी हे मामूंना सांगितलं. मामूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "बेटा, ड्रम आहे का तुझ्याकडं?"

पहाडसिंगपुऱ्यातल्या एका बाईंकडं त्यांनी आम्हाला नेलं. उंबरा, पाणी, नळ, सगळं यथासांग झालं. मग बाईंनी विचारलंच, "आडनाव?"

मामू म्हणाले, "ताई, तुमच्याकडं येमेनचा पोरगा राहायचा. गेला तेव्हा तुम्ही त्याला डबा बांधून दिला. त्याचं आडनाव काय होतं?"

बाईंना हसू आलं. "मला मेलीला त्याचं पहिलं नावसुद्धा धड म्हणता आलं नाही."

"मग?"

झालं होतं काम. पण मला राहवलं नाही. मी आडनाव सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, आणि आम्ही बौद्ध आहोत हेही सांगितलं. लपवून मिळालेल्या खोलीत मला झोप आली नसती. बाई खुंटीवरची चावी काढत म्हणाल्या, "रात्री गॅलरीत मोठ्यानं फोनवर बोलायचं नाही." आणि चावी दिली.

खाली आल्यावर मामू माझ्यावर चिडले. "दरवाजा उघडला होता. तू आत जाऊन परत कडी वाजवलीस."

"मामू, कडी न वाजवता मी कुणाच्या घरात शिरत नाही."

ते पप्पांना म्हणाले, "तुमची पोरगी जड जाईल हो." पप्पांनी मान हलवली. तक्रार म्हणून नव्हे.

मी त्या खोलीत राहून पदवी घेतली. तोवर मामू आमच्या घरचेच झाले होते. आईनं पाठवलेली भाकरी-चटणी टपरीवर पोचवली की ते घासाघासाला पाणी पीत खायचे आणि म्हणायचे, "तुझी आई मला टँकर मागवायला लावणार."

पुढं मला चीनमध्ये शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. गावात लोक पप्पांना विचारायचे, "चीनला? कशाला?" पप्पा सांगायचे, "मशीन शिकायला. आम्ही चालवतो, ती बनवणार."

पहिलं वर्ष हॉस्टेलात गेलं. दुसऱ्या वर्षी विद्यापीठानं इमारत दुरुस्तीला काढली आणि परदेशी विद्यार्थ्यांना सांगितलं, बाहेर जागा बघा. बाहेर राहायचं तर तिथंही घरमालकानं आपल्याबरोबर पोलीस ठाण्यात येऊन पत्ता नोंदवायचा असतो. पत्ता नाही तर पुढच्या वर्षाचा परवाना नाही. परवाना नाही तर अर्धी पदवी बॅगेत घालून लासूर स्टेशन.

मी खोल्या बघत फिरले. फोनवर माझं चिनी ऐकून "या" म्हणणारे लोक दारात माझा चेहरा पाहिला की घड्याळ बघायचे. काहींनी सरळ सांगितलं, परदेशी नको, ठाण्याची भानगड नको. काही गोड हसून म्हणाले ते शब्द चिनी होते, पण मी ते आधी ऐकलेले होते. बघून कळवतो.

शेवटी एका सेवानिवृत्त बाईंची खोली सापडली. कापडगिरणीत आयुष्य गेलेल्या, एकट्या. मावशीच्या वयाच्या बाईला तिकडं आयी म्हणतात, मीही तेच म्हणायचे. त्यांनी खोली दाखवली, चांगली होती, खिडकीला ऊन होतं. पण ठाण्याचा विषय काढला तशा त्या भांडी आवरायला लागल्या. म्हणाल्या, "विचार करते. उद्या ये."

घरी फोन केला. पप्पा म्हणाले, "उद्या जाशील तेव्हा मामूंना दाखव."

"पप्पा, ते तिथं बसून काय करणार?"

"आजपर्यंत कुठली खोली त्यांच्याशिवाय मिळालीय तुला?"

दुसऱ्या दिवशी आयींच्या दारात उभी राहून मी मामूंना व्हिडिओ कॉल लावला. आपली व्हिडिओ कॉलची ॲपं तिथं बंद असतात, आडवाटेनं जोडावी लागतात, त्यामुळं मामू आधी ठोकळ्या ठोकळ्यांचे दिसले, मग टपरी दिसली, मग पांढरी दाढी. मी आयींना म्हटलं, "हे माझे मामा. मला पहिली खोली यांनीच बघून दिली. यांनाही खोली दाखवू का?" आयींनी खांदे उडवले.

मामूंनी फोनमधून त्यांना सलाम केला आणि मला म्हणाले, "उंबऱ्याबाहेर आहेस ना? विचार. पाणी कितव्या दिवसाला?"

"मामू, इथं चोवीस तास असतं."

"हे तू बोलतेस. मालकीण काय बोलते?"

"अहो, असं विचारलं तर..."

"बेटा, विचार."

मी विचारलं. चिनी भाषेत हे वाक्य माझ्याआधी कुणी त्या शहरात उच्चारलं असेल असं वाटत नाही. आयींना आधी कळेना. मी दुसऱ्या शब्दांत सांगितलं. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांना वाटलं, मी त्यांच्या घराला नावं ठेवतेय. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या, नळ पूर्ण उघडला आणि हाताची घडी घालून बाजूला उभ्या राहिल्या. धार धो धो पडायला लागली. मला वाटलं, गेली खोली.

मी फोन तिकडं वळवला. मामूंनी धार पाहिली आणि टपरीवरून ओरडले, "अरे बंद कर! बंद करायला सांग बाईला! कळलं, पाणी आहे, कळलं! बंद कर बेटा, किती चाललंय ते!" त्यांच्या मागं दोन-तीन डोकी वाकून धार बघत होती. कुणीतरी म्हणालं, "मामू, प्रेशर काय जबरा आहे." मामूंनी त्याला ढकललं.

"काय म्हणतायत?" आयींनी विचारलं.

"नळ बंद करा म्हणतायत."

"का? मोडेल म्हणून?"

मग मी सांगितलं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. मधे बरेच दिवस जातात. हे सगळ्यांना खोल्या शोधून देतात आणि आधी पाणी विचारतात. स्वतः बघायला गेले तरी नळ अर्धा फेरा फिरवून लगेच पिळतात, वाहता नळ यांना बघवत नाही.

आयींनी नळ बंद केला. मग पुन्हा हात लावून नीट पिळला. फोनमधल्या दाढीकडं वळल्या. म्हणाल्या, "माझं माहेर कोरड्या डोंगरातलं. आमच्या घरी सकाळी एक घंगाळ पाणी. आधी वडील तोंड धुवायचे, मग आम्ही पोरी, मग आई. उरेल ते गाढवाला."

मी मामूंना सांगितलं. त्यांनी हातातला चहा बाकड्यावर ठेवला. मग म्हणाले, "आईचा नंबर गाढवाच्या आधी होता ना, ते तरी बरं."

हे मी भाषांतर केलं. करू नये असं वाटत होतं, पण केलं. आयी इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची घ्यावी लागली. हसून झाल्यावर डोळे पुसत मला म्हणाल्या, "ठाण्यात कधी जायचं?"

"मिळाली?" मामूंनी विचारलं.

"मिळाली."

"तरीपण एक ड्रम घेऊन ठेव."

ठाण्यात आयी माझा पासपोर्ट स्वतःच्या पिशवीत घालून चालल्या होत्या. बारशाला चालल्यासारख्या.

पुढची दोन वर्षं मी त्या खोलीत काढली. ड्रम मिळाला नाही, झाकणाची बादली घेतली. आयी आधी हसल्या आणि मग रोज सकाळी ती भरलीय का बघायला लागल्या. मी घरी फोन लावलेला दिसला की विचारायच्या, "मामाकडं पाणी आलं?" मामू तिकडून सांगायचे, "सांग, काल आलं. आणि त्यांना म्हण, गाढवाला सलाम." या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पाण्याची खबर दोघांनाही लागायची.

पदवी घेऊन मी परत आले. आता वाळूजला नोकरी करते, पप्पांच्या कंपनीपासून दोन फाटकं पुढं, आणि चीनहून येणाऱ्या मशीन बसवते. पदवीचा कागद मी आधी आईला दाखवला आणि मग टपरीवर नेला. मामूंनी तो हात धुऊन हातात घेतला. तांब्यातल्या दोन घोट पाण्यात हात धुतले.

या उन्हाळ्यात मामू गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

मला कळलं तोवर दफन झालं होतं. जुन्या शहरातल्या गल्लीत त्यांच्या घरी गेले. मामी सतरंजीवर बसल्या होत्या, भोवती बायका. मी जवळ बसले. मामी मोरीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "नळाला पाणी नव्हतं गं. त्यांना आंघोळ घातली ती त्या ड्रमातल्या पाण्यानं. उन्होंनेच भरके रखा था."

त्या एवढं बोलल्या आणि गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं!" बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मयताच्या घरी उठावं कसं, आणि न उठावं तर पुढचे दिवस काढावे कसे. मामीच म्हणाल्या, "उठा गं. ते असते तर आतापर्यंत ओरडले असते."

मी ओढणी कमरेला बांधली. निळा ड्रम तळाला गेलेला होता. तो विसळला, त्या पाण्यानं मोरी धुतली, नळी लावली. काठोकाठ भरला, झाकण लावलं, नळ पिळला.

घरी येऊन आयींना कळवलं. फार लिहिता आलं नाही. मामा गेले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा एक छोटा व्हिडिओ आला. त्यांचं स्वयंपाकघर, तोच नळ. आयींचा हात दिसतो, नळ अर्धा फेरा फिरतो, बारीक धार पडते न पडते, आणि तोच हात तो घट्ट पिळून बंद करतो. मग थोडा वेळ नुसता नळ दिसत राहतो. एक थेंबही पडत नाही.