पाच वाजताचा मिस्ड कॉल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि खरं सांगू का — देवालाही नाही. त्याला माहीतच आहे, मग कशाला बोलायचं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

आधी दयामावशीबद्दल बोलते, कारण तिच्याबद्दल बोलायला मला आवडतं. श्रीरामपुरातल्या आमच्या चर्चची ही बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मुलींच्या वसतिगृहात चपात्या लाटते. लिहिता-वाचता येत नाही. पण तिथल्या एकूण एक मुलीचं नाव तिला पाठ, आणि तव्यावर चपाती टाकली की एकेकीचं नाव घेऊन ती प्रार्थना करते. देवासाठी वेळ काढावा लागतो, असं मी रविवार शाळेत मुलांना शिकवायचे. हिला तो काढावा लागतच नव्हता. दिवस सगळा त्याचाच, त्यातला थोडा ती चपात्यांना द्यायची! मला तिचं फार कौतुक आहे. हेवाही वाटतो — तोही आता लपवत नाही.

आणि मी? प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोन डबे, सासूबाईंची औषधं, सकाळची शाळा, वर शाळेची ऑनलाइन माहिती भरायची. धावपळ खरीच होती. पण मोबाईल चाळायला मला रोज अर्धा तास बरोबर सापडायचा.

आमच्याकडे उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, पहाटे प्रार्थनेची साखळी असते. प्रत्येकीने आपापल्या घरी अर्धा तास गुडघ्यांवर बसायचं. जिची पाळी सुरू होते तिने बसताना आधीच्या बाईला मिस्ड कॉल द्यायचा. तो आल्याशिवाय आधीच्या बाईने उठायचं नाही. त्या वर्षी साडेचार ते पाच दयामावशी, पाच ते साडेपाच मी. मला कोणी गळ घातली नव्हती. महिला मंडळात सगळ्यांसमोर मीच हात वर केला होता.

तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी — कसं सांगू — गजर झाला, पांघरुणातूनच मावशीला मिस्ड कॉल दिला आणि कूस बदलली. पाचव्या दिवशी तेच. मग रोजच तेच. बायका म्हणायच्या, बाई किती नेमाच्या! मी नुसती हसायचे.

एके रात्री गजर लावायचाच राहिला. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा जाग आली, सहा वाजून गेले होते. जीभ चावली, चहा टाकला, विसरून गेले. आपल्या फोनवाचून कोणी अडकून बसलं असेल, हे डोक्यातच आलं नाही.

मधल्या सुट्टीत मावशी शाळेच्या फाटकाशी उभी. उन्हातून चालत आलेली, पदराने घाम पुसत.

"बाई, बऱ्या हायेत ना तुमी? फोन आला न्हाई, मला लई काळजी वाटली. तुमचंच नाव घेत बसले हुते."

सून येऊन हलवेपर्यंत, म्हणजे सहापर्यंत, ती गुडघ्यांवर होती. त्या दिवशी मुली चपातीशिवाय शाळेला गेल्या आणि वसतिगृहात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने बोलणी खाल्ली. सांगताना तक्रारीचा सूर नव्हता. मी धडधाकट आहे हे बघून ती उलट खूश झाली होती. मग तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. "बघा बरं, आल्ता का? मला कुठं कळतंय त्यातलं."

काय अवघड होतं हो? झोप लागली, एवढे दोनच शब्द. तिने ते हसण्यावारी नेलं असतं. मी फोन हातात घेतला. त्यात माझा कॉल नव्हता — असणार कुठून? आणि मी म्हणाले, "हा काय, बरोबर पाचला दिलाय. तुमच्याच फोनचा आवाज गेला असेल."

घरी नातीला विचारायचीही तिला गरज वाटली नाही. शिक्षिकेने वाचून सांगितलं होतं ना!

रविवारी उपासना संपताना ती उभी राहिली. आपल्या फोनमुळे घोळ झाला, मुली उपाशी राहिल्या, बाईंच्या पाळीत आपण मध्येच बसून राहिलो, म्हणून सगळ्या मंडळीसमोर तिने क्षमा मागितली. आणि साखळीतून नाव काढून घेतलं. चर्चच्या भिंतीवर साखळीच्या पाळ्यांचा तक्ता असतो, त्यावर आपलं नाव कुठे आहे, ते तिने नातीकडून दाखवून घेतलं होतं. येता-जाता त्यावर बोट ठेवायची. शिकलेल्या बायकांच्या रांगेतलं तिचं ते एकच नाव. पाळकसाहेबांनी त्या दिवशी माझ्या नेमाचा दाखला दिला. मी खाली बघत राहिले, लोकांना तो नम्रपणा वाटला. शरम वाटत होती, पण उभी राहण्याइतकी नाही.

त्यानंतरच्या कुठल्याच तक्त्यावर तिचं नाव आलं नाही. माझं येतं. तिची प्रार्थना थांबली नाही, ती माझ्यासारखीमुळे थांबणारी नव्हतीच. पण सगळ्यांच्या बरोबरीने बसायची तिची जागा मी घालवली.

गेल्याच रविवारी चर्चबाहेर तिने माझा हात धरला. "सकाळचं बसता ना अजून?"

"बसते," मी म्हणाले.

"लई बरं वाटतं बघा. माझ्यानं न्हाई झालं, पन तुमी साखळी तुटू दिली न्हाई."

आणि मी तिला हो म्हणाले.