कोतात्सूखालचे पाय

बाबांनी टेबल आधी उलटं केलं आणि मग विचारलं, "हे आहे तरी काय?"

कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझ्या लहानपणी आमच्या पुण्याच्या घरातला एकही मिक्सर, एकही इस्त्री त्यांच्या स्क्रूड्रायव्हरच्या तावडीतून सुटली नव्हती. आता ते टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर बसले होते आणि समोर आमचं बुटकं टेबल चारी पाय वर करून पडलं होतं.

"कोतात्सू," मी म्हटलं. "थंडीची तयारी. खालच्या बाजूला हा हीटर. चौकटीवर दुलई पसरायची, तिच्यावर फळी ठेवायची आणि आपण दुलईत पाय घालून बसायचं."

"आणि बाकीची खोली?"

"ती गारच."

"म्हणजे खोली तापवायचीच नाही, माणसं तापवायची!" त्यांना ते भलतंच आवडलं.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर अणुवीज केंद्रं बंद पडली; त्या पहिल्या हिवाळ्यात सगळं टोकियो वीज जपून वापरत होतं. एसीवर खोली गरम करायची म्हटलं की मलाच चोरट्यासारखं वाटे. मायदेशी परतणाऱ्या एका शेजारणीने तेव्हा हे टेबल आम्हाला दिलं. तेव्हापासून दर वर्षी पानं पिवळी पडली की एका रविवारी ते तयार करायचं, हा आमच्या घरचा रिवाज. या वर्षी तो रविवार मी मुद्दाम लवकर आणला होता. त्याला कारण बाबा.

आईला जाऊन वर्ष झालं होतं. बाबा ऑक्टोबरात आले ते परतीचं तिकीट खिशात घालूनच, नोव्हेंबर संपायच्या आत परत. व्हिसा संक्रांतीपर्यंतचा होता. पण "तुमची ती थंडी मला नको," असं त्यांनी विमानतळावरच जाहीर केलं होतं. पुण्यातल्या त्या बंद फ्लॅटचं दार ते एकटे उघडणार, एकट्यापुरता चहा टाकणार, हे मला सहन होत नव्हतं. सरळ "राहा" म्हटलं असतं तर "मला तिथे काय धाड भरलीय?" म्हणून त्यांनी विषयच मिटवला असता. म्हणून हा उबेचा सापळा.

सापळ्याची साफसफाई मात्र त्यांनीच ताब्यात घेतली. हीटरवरची पाटी चष्मा वर करून वाचली. "शंभर व्होल्ट? एवढ्यात काय डोंबल तापणार!" जाळीतली वर्षभराची धूळ जुन्या टूथब्रशने काढली, कारण ती राहिली तर जळते. आत माझ्या मुलीची केसांची क्लिप सापडली आणि संत्र्याचं वाळून कडक झालेलं साल. वायर बोटांनी चाचपून झाली. मी गॅलरीत दुलई उन्हात टाकून बदडत होते तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, "अगं, दिवा लाल का पण? लाल रंगाने जास्त तापतं का?"

"नाही. बघणाऱ्याला गरम वाटावं म्हणून."

"वा! म्हणजे अर्धी ऊब डोळ्यांनीच घ्यायची."

दुपारी टेबल सजलं. नवरा, मुलगी आणि मी पाय आत सारून बसलो. बाबा बाहेर, मांडी घालून.

"अन्न वर आणि लगेच खाली पांघरुणात पाय? मला नाही जमायचं."

"बरं, जेवू तिकडे उंच टेबलावर. इथे फक्त चहा."

यावर त्यांनी बराच विचार केला. चहाला सूट मिळाली आणि पाय अखेर आत गेले. पण आत जागा ती केवढी! चौघांचे आठ पाय एकमेकांवर आपटणारच. बाबांचा पाय कुणालाही लागला की ते चटकन मागे घेत, दुलईवर हात टेकवून तो छातीला लावत. लेकीसुनांना, मुलींना पाय लागू नये, लागला तर नमस्कार करावा, ही त्यांची जन्माची सवय. चहा संपेपर्यंत त्यांचे इतके नमस्कार झाले की कप हातात टिकेना.

माझी मुलगी डोळे बारीक करून बघत होती. तिने मला जपानीत विचारलं, आजोबा हे काय करतात? मी सांगितलं. "म्हणजे पायांचं सुमिमासेन," ती म्हणाली. इथे उठता-बसता माफी मागायला तोच शब्द वापरतात. मग कार्टीला खेळच सापडला. ती मुद्दाम पाय लावायची, आजोबांचा हात छातीकडे गेला की खदखदून हसायची. मला वाटलं, आता हे वैतागून उठणार आणि माझा सापळा रिकामा राहणार. मी तिच्यावर डोळे वटारले.

पुढच्या रविवारी बाहेर बोचरा वारा होता. नवरा मुलीला घेऊन पोहायच्या क्लासला गेला होता. बाबा आधीच कोतात्सूत बसून संत्रं सोलत होते. भांडी घासून माझे पाय बर्फ झाले होते. मी ते आत सारले आणि ते नेमके त्यांच्या पायांवर पडले. ते दचकले. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले, पण हात संत्र्यावरच राहिला. पायही तिथेच राहिले.

"तुझ्या आईचेही असेच गार असायचे," ते म्हणाले. "पांघरुणात शिरली की पहिल्यांदा माझ्या पायांना लावायची. मी ओरडायचो. रोज ओरडायचो." त्यांनी संत्र्याचा एक दोरा काढला, मग दुसरा. "वर्षभरात माझ्या पायाला कुणाचा पाय लागला नव्हता गं."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. इतके दिवस मी त्यांच्या जेवणाची काळजी करत होते, औषधांची करत होते. हे माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

त्यांनी अर्धं संत्रं माझ्यापुढे ठेवलं. मग खाली वाकून, दुलईचा कोपरा उचलून, त्या लाल उजेडाकडे एकदा निरखून पाहिलं.

"इथे तीळ मिळतात का?" त्यांनी विचारलं. "नाही, संक्रांतीला लागतील म्हणून."

जपानात तीळ कुठल्याही दुकानात मिळतात, काळे आणि पांढरेही, हे त्यांना सांगायला मला जरा वेळ लागला.