मठाच्या दारातले आईचे बूट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी बाई... भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा टाकायला उठणारी. तरीही हे लिहितेय.

२००७चा हिवाळा. आम्ही न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या हिल्सबरो उपनगरात राहायचो. बाबा गेल्यावर आईला पुण्याहून आणलं होतं, कायमचं राहावं म्हणून. पण तिचं मन रमेना. "इथे माझी कोणाला गरज आहे?" म्हणायची. परतीचं तिकीट रद्द करू देत नव्हती. ती पुण्यात एकटी राहणार, हे मला पटत नव्हतं.

तिला जरा फिरवावं म्हणून एका रविवारी दूरच्या डोंगरमाथ्यावरच्या ख्रिस्ती मठात गेलो. गाडी खाली ठेवून शेवटची चढण पायी, चिखलातून, त्यात पाऊस. सगळ्यांचे बूट चिंब. मठात दोनच म्हातारे ब्रदर, म्हणजे तिथले संन्यासी, उरलेले. त्यातले एक "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत पुढे आले. पहिल्या ब्रदर्सनी घोड्यांवरून दगड-लाकूड आणून हा मठ स्वतः बांधला, असं कौतुकाने सांगत होते.

प्रार्थनेला आम्ही सगळे बूट घालूनच आत गेलो. आई दारात थांबली.

"देवापुढे बूट घालून कसं जायचं गं?"

बूट बाहेर काढून ती मोज्यांवर आत आली. दोघे ब्रदर धरून डोंगरावर होतो तेवढे सगळे आतच होतो.

बाहेर आलो. आईने बुटात पाय घातला आणि थबकली. माझ्या लेकीने, तन्वीने, दुसऱ्या बुटात हात घातला. "आजी, इट्स वॉर्म." खरंच... कोरडे, चांगले ऊबदार. पाऊस पडतच होता. माझे बूट पचपचत होते. मी भिंतीत कुठे हीटरचा पाइप आहे का, चाचपून पाहिलं. भिंत गारठलेली.

ब्रदर त्या बुटांकडे बघत राहिले. म्हणाले, "खालपर्यंतही रस्ता नव्हता तेव्हा पाहुणे भिजून यायचे. आमचे एक ब्रदर सगळ्यांचे बूट चुलीपाशी वाळवून ठेवायचे. ते जाऊन खूप वर्षं झाली. ती चूलही काढून टाकली." घाबरले नव्हते — उलट खूश दिसत होते.

परतताना आई गाडीत पायातल्या बुटांकडे बघत होती. मग म्हणाली, "गेलेला माणूस अजून लोकांचे बूट वाळवतोय, आणि मी जिवंत असून हातावर हात ठेवून बसलेय. तिकीट रद्द कर."

मला रडूच आलं.

बूट कसे वाळले, याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. आता शोधतही नाही. पावसात भिजून घरी आलं की आई दारातच बूट वाळवायला काढून घेते — आमचे, तन्वीच्या मैत्रिणींचे, एकदा तर पोस्टमनचेही.