हिराजीच्या वाट्याचा बांध

मॅच सुरू व्हायच्या आधी हिराजी म्हात्रे अनवाणी पायांनी अर्धं मैदान फिरून यायचा. अर्धंच. आपल्या गोलापासून मधल्या रेघेपर्यंत. पाय न उचलता, जवळजवळ घासतच चालायचा आणि कुठं खळगा लागला की टाचेनं माती लोटून तो बुजवायचा. समोरच्या संघातली मंडळी हातातल्या स्टिका टेकून हा प्रकार बघत आणि हसत. आमचा कॅप्टन पिंटो हा गोव्याचा आणि घाईचा माणूस. तो एकदा वैतागून म्हणाला, ‘‘अरे, हाफटाइमनंतर आपण त्या बाजूला जाणार. तीपण आत्ताच बघून टाक की!’’

हिराजी म्हणाला, ‘‘जाऊ तवा बगू. आता तिकरचा बांध त्यांचा हाय.’’

आणि खरोखरच हाफटाइमला आम्ही मोसंबीच्या फोडी चोखत बसलेलो असताना हा दुसरं अर्धं मैदान तुडवत असायचा. त्याच्या वाटणीची मोसंबी बहुधा मीच खाल्ली.

मुंबईतल्या एका कापडगिरणीच्या हॉकी संघात तो फुलबॅक होता आणि मी गोलकीपर. मी पनवेल गावातला, गिरणीच्या वखारीत कारकून. पायाला ते जाडजूड पॅड बांधून उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून मी खेळाडू झालो. हिराजीचं तसं नव्हतं. त्याला गिरणीनं हॉकीसाठीच ठेवला होता. नावाला तो घडी-खात्यात बदली कामगार होता, पण कापडाची घडी घालताना त्याला कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. सकाळी हजेरी, दुपारी मैदान. त्याच्यासारखे तेव्हा मुंबईत पुष्कळ होते. पाय चालत तोवर पगार चाले.

गोलकीपरला फुलबॅकचा चेहरा फारसा दिसत नाही. सात-आठ वर्षं मी त्याची पाठ पाहिली. डावा खांदा थोडा खाली, चिखलाच्या पाट्या वाहून वाहून तसा झालेला. टाचा भेगाळलेल्या, आणि त्या भेगांत कायम एक पांढुरका थर. गिरणीनं दिलेले बूट तो फक्त फोटोला घालायचा. संघाच्या एका फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि हिराजी आपल्या बुटांकडे बघतोय.

त्याचं गाव पनवेलच्या खाडीकाठी. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. गावाला भात थोडं आणि मीठ फार. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून लांबच लांब मातीचा बांध होता, आणि त्या बांधाचे घरटी वाटे पाडलेले होते. ज्याच्या वाट्याला जो तुकडा आला तो त्यानं राखायचा. खेकड्यांची बिळं पायानं चाचपायची, चिखलानं बुजवायची, पाझर दिसला तर पेंढा आणि काट्या कोंबायच्या. एखाद्याच्या वाट्यात बांध फुटला, म्हणजे तिथल्या भाषेत खांड गेली, तर आतलं सगळ्या गावाचं मीठ विरघळून जायचं. मग त्या माणसानं गावापुढं हात जोडून उभं राहायचं. दंड वगैरे काही नाही. पण त्या खांडीला पुढं त्याच्या घराचं नाव चिकटायचं, आणि ते नातवापर्यंत पुसलं जायचं नाही.

युद्धाच्या काळात पनवेलजवळ पलटणीचा तळ होता. तिथले शिपाई संध्याकाळी हॉकी खेळत. तळावर मीठ पोचवायला गेलेल्या हिराजीला त्यांनी एक गडी कमी पडला म्हणून मागं उभं केलं आणि खुणेनं सांगितलं, ‘इथून कुणाला जाऊ द्यायचं नाही.’ एवढंच त्याचं शिक्षण. पुढं पिंटोनं त्याला पुष्कळ शिकवायचा प्रयत्न केला, पण त्याची पद्धत बदलली नाही. तो धावून अंगावर जायचा नाही. स्टिक जमिनीला लावून, पाय घासत, इंचाइंचानं बाजूला सरकत थांबायचा. समोरचा फॉरवर्ड चेंडूची नाना सोंगं करी आणि शेवटी कंटाळून चेंडू याच्याच स्टिकवर आणून देई. मी मागून ओरडायचो, ‘‘हिराजी, जा, पुढं जा!’’ तो मान न वळवता म्हणायचा, ‘‘येऊ दे, गुप्तेभाव. नाचतोय तो. बॉल काय नाचत नाय.’’

त्यानं जन्मात एकही गोल केला नाही. मधली रेघही ओलांडली नाही. सगळा संघ पुढं जाऊन गोल करून एकमेकांच्या गळ्यात पडलेला असे तेव्हा हा रेघेकडे पाठ करून माझ्याकडे बघत उभा. पेपरात गोल करणाऱ्यांची नावं येत, राखणाऱ्यांची कशाला येतील? आमचा दुसरा फुलबॅक जरा ढिला होता. त्याच्या बाजूनं चढाई झाली की पिंटो हिराजीवर डाफरायचा, ‘‘तिकडे जाऊन मदत कर ना!’’ हिराजीचं उत्तर ठरलेलं. ‘‘मी तिकरं गेलो तं माजी जागा कोन बगेल? दोनी जातील.’’ हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही, आणि खरं सांगायचं तर मला पिंटोचंच म्हणणं पटायचं.

शनिवारी सुटी झाली की तो गावी पळायचा. रविवारी मॅच नसेल तर बांधावर. मॅच असेल तर त्याच्या बायकोनं बांध बघायचा. ती खाडीकाठच्या जासई गावची, चिखलात त्याच्याइतकीच तरबेज होती. पण तिला पाठोपाठ चार पोरं झाली आणि बांधाकडे दुर्लक्ष व्हायला लागलं. तेव्हा शेजारचा वाटा असलेला त्याचा चुलतभाऊ बाळाराम अधूनमधून हात लावायचा. बाळाराम म्हणजे हिराजीहून थोरला, काळाभोर, कमी बोलणारा माणूस. त्याला हॉकीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. भाऊ काठीनं काहीतरी राखतो आणि त्याचे मुंबईचे लोक पैसे देतात, एवढंच तो जाणून होता. पण गावात कुणी त्याबद्दल थट्टा केलेली त्याला खपत नसे.

आम्ही एकदा मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचलो. गिरणीच्या इतिहासात पहिल्यांदाच. मॅनेजरसाहेब स्वतः मैदानावर आले आणि म्हणाले की कप आणलात तर बदलीवरच्या खेळाडूंना कायम करू. हिराजीच्या दृष्टीनं ही गोष्ट केवढी होती ते सांगायला नको. वय तिशीच्या पलीकडे गेलं होतं, गुडघा सुजत होता. पाय थांबले की गिरणीचा दरवाजा बंद. कायम झाला तर खेळ सुटल्यावरही नोकरी राहणार होती.

फायनल नेमकी होळीच्या दिवशी आली. होळीच्या पौर्णिमेला खाडीला मोठं उधाण, भर दुपारची भरती, आणि मिठागरात तयार मिठाच्या राशी. हिराजी पिंटोला म्हणाला, ‘‘मी नाय येत.’’ पिंटोनं आधी शिव्या दिल्या, मग हात जोडले, मग मला पनवेलला पिटाळलं. मी गेलो तेव्हा दोघे भाऊ बांधावरच होते. हिराजीच्या वाट्यात एका जागी पाझर दिसत होता. मी काही बोलायच्या आत बाळाराम म्हणाला, ‘‘हिरू, तू जा. तुजा बांध मी बगतो.’’

‘‘आन् तुजा?’’

‘‘माजा बरा हाय. जा तू. रोज रोज बोलावतात काय?’’

हिराजी आला. त्या दिवशीचा त्याचा खेळ मला अजून दिसतो. समोरच्यांचा सेंटर फॉरवर्ड नावाजलेला होता. तो दहा वेळा आला आणि दहा वेळा रिकाम्या हातानं परत गेला. शेवटी शेवटी तर चेंडू त्याच्याकडे आला की प्रेक्षक हसायला लागले. आम्ही एका गोलानं जिंकलो. मॅनेजरसाहेबांनी मैदानावरच हिराजीचा हात हातात घेतला आणि ‘कायम’ म्हणून सांगितलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतला. त्याला ते अजिबात आवडलं नाही, पाय जमिनीवरून सुटल्यामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही दोघे पनवेलला उतरलो. मी सहज त्याच्याबरोबर गावापर्यंत गेलो. धुळवडीचा दिवस, आणि गावात एका पोराच्याही अंगावर रंग नव्हता. बायका ओट्यांवर गप्प बसल्या होत्या. आगरात पाणीच पाणी. काल जिथं मिठाच्या राशी होत्या तिथं काही नव्हतं. बांधाला बैलगाडी जाईल एवढी खांड गेली होती, बाळारामच्या वाट्यात.

काय झालं ते हिराजीच्या बायकोनं सांगितलं. भरती चढली तसा हिराजीच्या वाट्यातला पाझर मोठा झाला. बाळाराम तिथं काट्या, पेंढा, चिखल कोंबत कंबरभर पाण्यात उभा राहिला. शेवटी तर पाठ लावून उभा राहिला. तो तुकडा त्यानं राखला. तेवढ्यात शंभरेक पावलांवर त्याचा स्वतःचा बांध गेला. संध्याकाळी गावापुढं त्यानं हात जोडले, पण आपण आपल्या बांधावर का नव्हतो ते सांगितलं नाही.

मैदानावर जे हिराजी पिंटोला वर्षानुवर्षं सांगत आला होता तेच इथं झालं होतं, फक्त जागा हिराजीची वाचली होती. त्याच संध्याकाळी त्यानं गावकीत उभं राहून सांगितलं, ‘‘खांड माजी हाय. बालाराम माज्या जागंवर उबा व्हता. आजपासून त्याचा वाटा मी राखीन.’’ लोकांना बरं वाटलं. असं कुणी उठून म्हणत नाही. गिरणीत तो परत आला नाही. जी नोकरी मिळावी म्हणून एवढं झालं, ती त्यानं हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकून दिली.

मला त्याचा राग आला होता. पिंटोला तर फारच. तरी त्यानं मॅनेजरला गळ घालून हिराजीसाठी निदान बदलीची जागा धरून ठेवली, आणि दिवाळीनंतर नवा हंगाम सुरू व्हायच्या वेळी मला पुन्हा खाडीवर धाडलं.

हिराजी बाळारामच्या वाट्यावर चिखल टाकत होता. वाळला होता. खांड बुजली होती आणि बांध पहिल्यापेक्षा रुंद केला होता. मी पिंटोचा निरोप सांगितला. तो म्हणाला, ‘‘गुप्तेभाव, आता मना दोन बांध हायत. खेलाया कवा येऊ?’’

‘‘कोनाचे दोन बांध?’’

मागं बाळाराम उभा होता. होळीपासून तो हिराजीशी बोलला नाही हे मला हिराजीच्या बायकोनं येतानाच सांगितलं होतं. लोकांना वाटे, मीठ गेलं म्हणून. तो पुढं आला आणि हिराजीच्या हातातलं फावडं त्यानं काढून घेतलं.

‘‘माजा बांध फुटला तवा मना कोन हसला नाय,’’ तो म्हणाला. ‘‘तू काढून घेतलास तवा हसले. बालारामाला बांध राखता येत नाय म्हनून भावानं घेतला, असं बोलतात.’’

हिराजी म्हणाला, ‘‘दादा, माज्यामुलं झालं त्ये. मंग मीच भरायला नको?’’

‘‘तुज्यामुलं नाय. मीच उबा रायलो, माज्या पायानं. तू खेलावास म्हनून रायलो. आन् तू खेलच बंद केलास. मंग माजं मीठ कशापाय ग्येलं?’’

एवढ्या महिन्यांत आपण फार चांगलं काहीतरी करतोय असं हिराजीला वाटत होतं, आणि गावाला, आणि थोडंसं मलाही. ज्याच्यासाठी ते चाललं होतं त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं. हिराजी खाली बसला आणि रडला. मी खाडीकडे बघत राहिलो.

बाळाराम म्हणाला, ‘‘ऐतवारी तुजा बांध मी बगन. पर पयला माजा बगन, मंग तुजा.’’

हिराजी परत आला. कायम नोकरी गेली ती गेलीच. बदलीवर आणखी तीन-चार हंगाम खेळला. पूर्वीचा खेळ काही राहिला नाही. गुडघा अडायचा, तरणी पोरं बाजूनं निघून जायची. दर हंगामात एकदा बाळाराम बस पकडून मॅच बघायला यायचा आणि माझ्या गोलाच्या मागं जमिनीवर बसायचा. चेंडू आमच्याकडे यायला लागला की तो डोळे गच्च मिटून घ्यायचा, आणि गलका शांत झाला की उघडायचा. त्यामुळे मॅच अशी त्यानं फारशी पाहिली नसावी.

हिराजीच्या शेवटच्या मॅचला आम्ही पाच गोलांनी हरलो. त्यातले तीन तरी त्याच्या बाजूनं झाले. लोक ‘बाहेर काढा म्हाताऱ्याला’ म्हणून ओरडत होते. पिंटोनं काढलं नाही. शिटी झाली तसा हिराजी मधल्या रेघेजवळ गुडघा धरून वाकला.

मी पॅड सोडत होतो. बाळाराम उठून माझ्याजवळ आला. काय सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागलो.

‘‘गोल किती जाले त्ये मना नको सांगू,’’ तो म्हणाला. ‘‘हिरू शेवटपरत उबा व्हता ना?’’

‘‘होता,’’ मी म्हणालो.

‘‘मंग जालं,’’ बाळाराम म्हणाला, आणि भावाला हात द्यायला मैदानात गेला.