मानांकनाच्या दोन याद्या

त्या सरांना मी आजही माफ केलेलं नाही.

आमचं गाव तळ्याजवळ. भातशेती करणारं घर, आणि मी रोह्याच्या एका कारखान्यात हिशेब विभागात होते. वरची जागा रिकामी होणार होती, पण त्यासाठी एमबीए हवं होतं. बाबांना घेऊन मी अलिबागला एका संस्थेत चौकशीला गेले. प्रवेशाचं काम बघणारे सर फार गोड बोलले. मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र होतं. ते दाखवत म्हणाले, "आपलं मानांकन आंतरराष्ट्रीय आहे. ही पदवी जगभर चालते." बाबांनी मला हळूच विचारलं, "खरा हाय ना गं?" सरांनी ते ऐकलं आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मुलगी माझ्यावर सोडा."

दोन वर्षं मी शनिवार-रविवार एसटीने अलिबागला गेले. एकही लग्न, एकही पालखी पाहिली नाही. निकाल घेऊन कारखान्याच्या कार्यालयात गेले, तर मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी कागद उलटसुलट केला. "ही पदवी कुठल्या विद्यापीठाची?" ती विद्यापीठाची नव्हतीच, संस्थेने स्वतः छापलेली होती. जागा दुसऱ्याला मिळाली.

रडले नाही. संगणकापुढे बसले आणि जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. देशातली मान्यता वेगळी आणि परदेशी मानांकन वेगळं. एक असलं म्हणून दुसरं मिळत नाही. मानांकन देणारी संस्था अभ्यासक्रम, शिक्षक, विद्यार्थी काय शिकले, हे सगळं अनेक वर्षं तपासते. सभासद मात्र कुणालाही होता येतं. अर्ज करायचा, वर्गणी भरायची. आमच्या प्रमाणपत्रावर नाव असलेल्या त्या परदेशी संस्थेच्या संकेतस्थळावर दोन याद्या होत्या, सभासदांची आणि मानांकितांची. आमची संस्था फक्त पहिल्या यादीत होती.

पुढच्या उन्हाळ्यात अलिबागच्या एका सभागृहात सरांचं प्रवेश मार्गदर्शन शिबिर होतं. मी पहिल्या रांगेत बसले. प्रश्नांची वेळ आली तशी उभी राहिले. सरांनी ओळखलं. "अरे वा, या आमच्याच विद्यार्थिनी!"

"होय. म्हणूनच विचारते. मानांकितांची यादी पडद्यावर दाखवता का?"

"मॅडम, ते तांत्रिक आहे. आपण नंतर बोलू."

"मग मी वाचून दाखवते," मी म्हणाले, आणि मोबाइलवरून यादी वाचायला लागले. मुद्दाम सावकाश, एकेक नाव. सरांच्या कपाळावर घाम आला. मागून एका आईने विचारलं, "मग यांचं नाव कुठाय?" मी म्हणाले, "तेच तर सर सांगतील." सरांनी समोरचे कागद गोळा करायला घेतले. खुर्च्या सरकल्या, लोक उठले. त्या आवाजाइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

त्या परदेशी संस्थेलाही मी पत्र पाठवलं होतं. त्यांनी शिक्का वापरायला मनाई केली. त्या वर्षी प्रवेशच झाले नाहीत आणि अलिबागचं कार्यालय बंद पडलं.

महिन्याभराने सरांचा फोन आला. "माझी नोकरी गेली. मी तर पगारी माणूस होतो. मला वरून जे सांगायचे तेच मी बोलायचो."

"माझ्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवायलाही वरून सांगितलं होतं का?"

मी फोन ठेवला. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, वाटलं नाही.

मी आता सरकारमान्य विद्यापीठातून पुन्हा एमबीए करतेय, यादी तपासून. आणि अलिबागच्या संस्थेच्या संचालकांनी पनवेलला नव्या नावाने दुकान मांडलंय, असं कळलं. त्यांच्या माहितीपुस्तिकेवर पुन्हा सोनेरी शिक्का आहे. काल मी तिथे फोन करून प्रवेशाची चौकशी केली. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. रविवारच्या शिबिरासाठी तिने माझं नाव लिहून घेतलं, आणि बसायला पहिली रांग दिली.